रिकामी खुर्ची
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला कोणी बाहेरच्या पाहुण्या येतात आणि आपल्याला चार शब्द सांगतात. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि ते माझ्या गळ्यात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विषय तरी पाककृतींचा नाहीतर लोणच्याचा घ्यावा असे घरच्यांचे म्हणणे होते. पण मी विषय घेतला आहे विरोधी पक्षनेत्याचा. यात माझा आगाऊपणा दिसेल, पण त्याला कारण घडले ते सांगते.

२०२५ च्या डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरले होते. आपण चौघीपाचजणी दुपारी तीळ निवडत बसलो होतो आणि बातम्या चालू होत्या. बातमीत सांगितले की विधानसभेतही विरोधी पक्षनेता नाही आणि विधान परिषदेतही नाही, दोन्हीकडच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. त्यावर आपल्यातली एक म्हणाली, "बरंच झालं की! तेवढा आरडाओरडा कमी." आणि आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. पण घरी गेल्यावर ते हसणे मला काही पचेना. का पचेना ते शेवटी सांगते, कारण ते सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागणार आहे.

आधी ही खुर्ची कसली ते पाहू. विधानसभेत २८८ आमदार. ज्यांच्या बाजूला निम्म्याहून जास्त, त्यांचे सरकार. उरलेल्यांत जो पक्ष मोठा, त्याच्या नेत्याला अध्यक्षांनी मान्यता दिली की तो विरोधी पक्षनेता. ही रीत मूळ इंग्लंडातली. तिथे १९३७ सालापासून कायद्याने विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. मला हे प्रथम कळले तेव्हा नवलच वाटले. आपल्याला नावे ठेवणाऱ्याला आपणच पगार द्यायचा! आपल्याकडे लोकसभेत पहिला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता झाला १९६९ साली, रामसुभग सिंग. मग १९७७ साली संसदेने कायदा करून या पदाला पगार आणि मंत्र्याचा दर्जा दिला, आणि तेव्हा लोकसभेत त्या जागेवर होते आपले यशवंतराव चव्हाण. ज्यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद पाहिले, देशाचे संरक्षण, गृह, अर्थ अशी खाती सांभाळली, ते समोरच्या बाकावर बसून सरकारला विचारू लागले. आपल्या राज्यानेही १९७८ साली तसाच कायदा केला.

या माणसाने करायचे काय? सभागृहात तारांकित प्रश्न असतात, लक्षवेधी सूचना असतात, स्थगन प्रस्ताव असतो, अर्थसंकल्पावर कपात सूचना असतात. ही हत्यारे सगळ्याच आमदारांना असतात. पण पन्नास जणांनी पन्नास दिशांनी ओरडण्याऐवजी कोणता प्रश्न आज धरायचा, कोणी बोलायचे, कोठवर ताणायचे आणि कोठे सोडायचे, हे ठरवणारा एक माणूस लागतो. तो उभा राहिला की अध्यक्ष त्याला बोलू देतात अशी प्रथा आहे. शिवाय काही नेमणुका अशा आहेत की त्या सरकारला एकट्याने करता येऊ नयेत असे कायदा म्हणतो. राज्याचे माहिती आयुक्त निवडायच्या समितीत मुख्यमंत्री आणि एक मंत्री असतात, त्यांच्या जोडीला विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. राज्य मानवाधिकार आयोगाच्या निवडीतही तो असतो. माहिती अधिकारात आपल्यातल्या कोणी अर्ज केला असेल आणि तो अडला असेल, तर वर अपील ज्यांच्याकडे जाते त्यांना निवडताना विरोधातला एक माणूस खोलीत असावा, अशी ही सोय आहे. नेता मान्य झालेला नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाच्या पुढाऱ्याला बोलवावे असे माहितीच्या कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना ही खुर्ची कधी रिकामी राहील याची कल्पना होती म्हणायची.

एक गंमत सांगते. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधी पक्षांना चहाला बोलावतात अशी आपल्या राज्यातली जुनी पद्धत आहे. आणि त्या चहावर बहिष्कार टाकायचा अशीही पद्धतच पडून गेली आहे, मग सरकार कोणाचेही असो. मला तर दरवेळी त्या चहाची काळजी वाटते. एवढे आधण टाकायचे आणि पिणारा येणार नाही हे ठाऊक असायचे!

पण बहिणींनो, हे सगळे मुंबईचे आणि नागपूरचे. आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या मुळशीचेच घेते.

शंभर वर्षांपूर्वी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे टाटांच्या कंपनीने ठरवले. वीज मुंबईला जायची आणि पाण्याखाली आपल्या मावळातली पन्नासच्या आसपास गावे जायची. सरकारने १८९४ चा भूसंपादनाचा कायदा लावला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, आपले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. त्यात बायकाही होत्या. सेनापती बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते याच सत्याग्रहातून. १९२४ पर्यंत लढा चालला, बापट तुरुंगात गेले, आणि धरण झाले. आपल्या कितीतरी सासर-माहेरच्या गावांची मूळ घरे त्या तळाशी आहेत.

लहानपणापासून ही गोष्ट आपण शौर्याची म्हणून ऐकली. या भाषणासाठी वाचताना मला तिच्यात दुसरे एक दिसले. त्या वेळी मुंबई इलाख्यात कायदे कौन्सिल होते, १९१९ च्या सुधारणांनी त्यात निवडून आलेले सभासदही होते. पण मत कोणाला, तर ठराविक शेतसारा भरणाऱ्याला. काँग्रेसने त्या पहिल्या निवडणुकीवर बहिष्कार घातलेला. आणि जमीन-महसुलाचे खाते गव्हर्नरसाहेबांच्या राखीव खात्यांत, म्हणजे कौन्सिलात कोणी कितीही विचारले तरी त्या उत्तरावर कोणाची खुर्ची हलणार नव्हती. आपल्या खाचरांची किंमत कोणी ठरवली, माणसांना कोठे नेणार, हे सरकारला उभे करून विचारणारा आणि उत्तर पटले नाही तर सरकार पाडू शकणारा कोणी नव्हता. विचारायला जागा नव्हती म्हणून माणसे धरणाच्या पायात जाऊन बसली. मला कोणी विचारले की सभागृहातल्या त्या आरडाओरड्याचा उपयोग काय, तर मी आता हेच सांगेन.

आता या पदावरच्या बायकांचे सांगते. हे आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी भेटले नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेत तीन बायका विरोधी पक्षनेत्या झाल्या आहेत. १९७९ साली वर्ध्याकडच्या प्रभाताई राव, त्यांच्या मागोमाग १९७९-८० मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील, ज्या पुढे २००७ साली राष्ट्रपती झाल्या. आणि तिसऱ्या मृणालताई गोरे.

मृणालताईंबद्दल जरा जास्त बोलते, कारण त्यांचे राजकारण आपल्यासारख्या बायकांच्या हंड्यापासून सुरू झाले. त्या डॉक्टरकी शिकत होत्या, ते सोडून समाजवादी चळवळीत पडल्या. १९५८ साली त्यांचे यजमान गेले, पदरात लहान मुलगी. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या झोपड्यांना, चाळींना पाणी मिळावे म्हणून एवढ्या भांडल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ साली त्या विधानसभेत गेल्या. तो दुष्काळाचा आणि महागाईचा काळ. तेव्हा मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी मिळून महागाईविरोधी समिती काढली आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे काढले. लाटणे! जे आपल्या रोजच्या हातातले. आणीबाणीत त्या तुरुंगात गेल्या आणि १९७७ ला लोकसभेवर निवडून आल्या.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या, विरोधी बाकावर. त्या काळात गर्भजलाची परीक्षा करून मुलगी असली तर गर्भ पाडण्याचा धंदा शहरांतून उघड जाहिराती करून चालला होता. मृणालताईंनी १९८६ साली त्याविरुद्ध अशासकीय विधेयक मांडले. अशासकीय म्हणजे सरकारने न आणता एखाद्या साध्या सभासदाने आणलेले. असे विधेयक पास होणे जवळजवळ नशिबातच नसते, कारण संख्या सरकारकडे. पण बाहेर बायकांच्या संघटना आणि काही जाणते डॉक्टर रेटा लावत होते, आत ताई विचारत होत्या. शेवटी सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला. देशातला तो पहिला. दिल्लीने सगळ्या देशासाठी कायदा केला तो १९९४ साली. आज सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीबाहेर जी पाटी आपण वाचतो, तिची सुरुवात विरोधी बाकावरच्या एका बाईने मांडलेल्या कागदातून झाली. त्या कायद्यातूनही पळवाटा निघाल्या, हे आपण आपल्याच नात्यागोत्यात पाहिले आहे, ते मी वेगळे सांगत नाही. १७ जुलै २०१२ ला मृणालताई गेल्या.

त्या विरोधी पक्षनेत्या झाल्या त्याची एक गोष्ट आजच्या बातमीशी जुळते. त्यांच्या जनता पक्षाला १९८५ च्या निवडणुकीत जागा मिळाल्या होत्या २०. तरीही त्यांना ते पद मिळाले. २०२४ च्या नोव्हेंबरात निवडणूक झाली तेव्हा विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला, उद्धव ठाकऱ्यांच्या शिवसेनेला, जागा मिळाल्या त्याही २०. काँग्रेसला १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. २०२५ च्या मार्चमध्ये ठाकऱ्यांच्या पक्षाने भास्कर जाधवांचे नाव अध्यक्षांकडे दिले, आणि डिसेंबर आला तरी निर्णय झालेला नव्हता. परिषदेत अंबादास दानवे होते, त्यांची मुदत २०२५ च्या ऑगस्टमध्ये संपली आणि तिथेही जागा मोकळी झाली.

एकदशांश सभासद, म्हणजे २८८ मधले २९, असल्याशिवाय पद नाही असे सांगतात. हा आकडा कोठून आला? लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, आपल्या कोकणातल्या घराण्यातले. त्यांनी म्हटले की सभा चालायला जेवढी गणसंख्या लागते, निदान तेवढे सभासद असतील तरच एखाद्या गटाला पक्ष म्हणून सभागृहात मान्यता द्यावी. आपल्या राज्याच्या १९७८ च्या कायद्यात मात्र आकडा लिहिलेला नाही. तिथे विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढेच आहे. लोकसभेत याच आकड्यावर बोट ठेवून २०१४ पासून २०२४ पर्यंत दहा वर्षे ते पद भरले गेले नाही. उलट दिल्लीच्या विधानसभेत २०१५ साली ७० पैकी ६७ जागा एका पक्षाला मिळाल्या, भारतीय जनता पक्षाला ३ च, तरी तिथल्या अध्यक्षांनी त्या तिघांतल्या विजेंद्र गुप्तांना विरोधी पक्षनेता मानले. म्हणजे द्यायचे मनात असले तर देता येते. मी कोणत्या पक्षाची बाजू घेत नाही, आपल्या मंडळात सगळ्या पक्षांच्या घरच्या बायका आहेत आणि तसेच राहावे. जे आज आकडा दाखवतात त्यांना उद्या आकडा दाखवला जाईल, एवढे मला दिसते.

आता दुसरी बाजू न सांगितली तर तुम्ही म्हणाल, ही एकाच अंगाने पोळी भाजते. विरोधी पक्षांचे चुकत नाही का? चुकते. कागद फाडतात, मोकळ्या जागेत धावतात, मग सभात्याग करून बाहेर कॅमेऱ्यापुढे बोलतात, आणि तेवढ्यात आत बिले चर्चेशिवाय पास होऊन जातात. पण मला त्याहून जास्त लागते ते वेगळे. २०१४ साली एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले आणि महिनाभरात मंत्री झाले. २०१९ साली राधाकृष्ण विखे पाटील, साडेचार वर्षे विरोधी पक्षनेते, जूनमध्ये त्याच सरकारात मंत्री. २०२३ च्या २ जुलैला अजित पवार विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्री. वही तपासायला ज्याला बसवले तोच उठून गल्ल्यावर जाऊन बसला, असे नऊ वर्षांत तीनदा झाले. त्या २०२३ च्या जुलैत रिकाम्या झालेल्या जागेसाठी आपल्या भोर-मुळशीच्या तेव्हाच्या आमदारांचे नावही वर्तमानपत्रांत झळकले होते, ते अनेकींना आठवत असेल. पद विजय वडेट्टीवारांना मिळाले. तेव्हा आपल्याकडे कोणी विचारले नाही की ते पद मिळाले तर आमदार काय विचारणार. गाडीला लाल दिवा येईल का, हेच विचारले. त्यात मीही होते.

आता त्या हसण्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी मी आपल्या मंडळाची खजिनदार होते. आपली भांडी लग्नाकार्याला भाड्याने जातात, पातेली, पराती, ताटे. भाडे मंडळाला आणि अनामत परत द्यायची. हळदीकुंकवाच्या दिवशी, सगळ्या जमलेल्या असताना, एकीने मला विचारले, भांड्यांचे या वर्षी किती आले आणि वही एकदा बघायला मिळेल का. तिचे नाव मी घेत नाही. मला इतके लागले! माझ्यावर संशय? रात्री जागून मी हिशेब लिहायचे, स्वतःच्या पायपिटीने वसुली करायचे. मी तोंड फिरवले. बाकीच्याही माझ्याच बाजूने झाल्या. कोणी म्हणाली हिला मंडळात फूट पाडायची आहे, कोणी म्हणाली हिला खजिनदार व्हायचे आहे. ती त्या दिवशी वाण न घेताच गेली आणि पुढे दीड वर्ष मंडळात आली नाही. आणि खरे सांगायचे तर आमच्या सभा त्यानंतर अगदी शांततेत झाल्या. फार बरे वाटायचे.

मग वही भरली आणि मी नवी वही घालायला घेतली, तेव्हा जुनी एकदा पहिल्यापासून वाचली. एका घरची सातशे रुपयांची अनामत मी भाड्यात धरून जमा केली होती. भांडी परत आली होती, पैसे परत गेले नव्हते. ते घर रोजंदारीवर जाणाऱ्यांचे. त्यांनी मागितले नाहीत, कारण मंडळाच्या बायकांकडे पैसे मागायला कसे जायचे, म्हणून. भांड्याला पोचा पडला असेल आणि त्यात कापले असतील, असे त्या माउलीने आपल्या मनाशी धरले होते. मी पैसे घेऊन गेले तेव्हा तिने मलाच पाणी दिले आणि म्हणाली, "राहू द्या की ताई." तिला वाटले मी उपकार करते आहे.

माझ्या मैत्रिणीने वही मागितली त्या दिवशी मी दिली असती तर ही चूक त्याच आठवड्यात सापडली असती. तिला त्या अनामतीचे काही ठाऊक नव्हते. तिने नुसते विचारले होते. मी तिच्या घरी गेले. ती भाकऱ्या थापत होती, हात न धुताच ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, "अगं, मी वहीतलं विचारत होते, तुझं नव्हते विचारत."

मला वाटते, ही पदे ज्यांनी शोधून काढली त्यांना माझ्यासारख्या पुष्कळ खजिनदार भेटल्या असणार. नुसती एक बाई उठून विचारते तेव्हा तो भांडणाचा विषय होतो, तिचा हेतू काय याचीच चर्चा होते. तेच तिचे नेमून दिलेले काम असते, त्यासाठी तिला खुर्ची आणि मान असता, तर तिला वाण न घेता जावे लागले नसते आणि मलाही राग धरायला कारण मिळाले नसते. यशवंतरावांनी समोर बसून विचारले तर ते कोणी फूट पाडणे म्हटले नाही, ते त्यांचे कामच होते. आपल्या गावातल्या ग्रामसभेत, महिला सभेत, आपण गप्प बसतो ते उत्तर माहीत असते म्हणून नाही. विचारले की घरी येऊन कोणी सासऱ्यांना म्हणेल, तुमच्या सूनबाई फार बोलतात, म्हणून.

तेव्हा आजच्या दिवशी माझी मंडळाला एक सूचना आहे, आणि ती सूचना म्हणून वहीत लिहून घ्यावी अशी सेक्रेटरीबाईंना विनंती. पुढच्या वार्षिक सभेपासून कार्यकारिणीबाहेरच्या दोघींनी दर तीन महिन्यांनी सगळ्या वह्या, पावत्या आणि अनामतीची यादी पाहावी, आणि काय दिसले ते सभेत उभे राहून सांगावे. त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवाव्या. नावे कार्यकारिणीने सुचवू नयेत, सभासदांनी चिठ्ठ्या टाकून निवडावीत. कार्यकारिणीत कोणी गेली तर तिने ही जागा आधी सोडावी.

त्या मैत्रिणीला मी विचारून ठेवले आहे की तिचे नाव कोणी चिठ्ठीत लिहिले तर ती नाही म्हणणार नाही ना. ती अजून हो म्हणालेली नाही. ती इथेच बसली आहे, तिला आज तिळगूळ देताना तुम्हीही विचारा.